एका वेलीला एकच फळ आणि वजन बारा क्विंटलच्या वर! स्पर्धेतले अजस्र भोपळे पिकवतात तरी कसे?

आपल्याकडे भोपळा दोन ठिकाणी भेटतो. एक परीक्षेच्या निकालात आणि दुसरा घारग्यांच्या पिठात. त्यातला खाण्याचा भोपळा आपण अख्खा घेतच नाही, भाजीवाल्याकडून पाव-अर्धा किलोची फोड कापून आणतो. चार-पाच किलोचं फळ घरात आणलं, तर आठवडाभर सगळ्यांना भोपळाच खावा लागेल.

आता हा आकडा बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये एक भोपळा वजनकाट्यावर चढवला आणि काटा थांबला १,२७८.८ किलोवर. म्हणजे पावणेतेरा क्विंटलच्याही थोडं वर. एका पारड्यात सिमेंटच्या पंचवीस गोण्या टाकल्या, तरी भोपळ्याचं पारडं खालीच राहील. त्याचा घेर जवळपास साडेसहा मीटर होता. तो पिकवला होता हॅम्पशायरमधल्या लिमिंग्टन गावच्या इयान आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांनी. भोपळे मोठे करायचा नाद या दोघांना लहानपणापासून आहे आणि हा विश्वविक्रम हाती यायला त्यांना जवळपास पन्नास वर्षं लागली.

असा फोटो सोशल मीडियावर आला की खाली दोन कमेंट ठरलेल्या असतात. पहिली, ‘हे एआय आहे.’ दुसरी, ‘इंजेक्शन मारलंय.’

दोन्ही चूक आहेत. हे भोपळे खरे असतात आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरामागच्या बागेत वाढलेले असतात. पिकवणारे लोकही कुणी मोठे बागायतदार नसतात. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी वेलीपाशी जाऊन बसणारी ही मंडळी. मग एवढं वजन येतं कुठून? आणि चार-पाच महिने राबूनही यातल्या अनेकांच्या हाती शेवटी खरोखरचा ‘भोपळा’च का येतो? सविस्तर समजून घेऊ.

आधी जात समजून घ्या

भोपळ्याचं मूळ घर अमेरिका खंडात. त्याच्या अनेक प्रजाती आहेत. त्यातली स्पर्धेत उतरणारी प्रजाती म्हणजे ‘कुकुरबिटा मॅक्झिमा’. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. नावातच ‘मॅक्झिमा’, म्हणजे सर्वांत मोठी.

गंमत अशी की हीच प्रजाती आपल्याकडेही लावली जाते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का सूर्यमुखी’ हा वाण याच प्रजातीचा. त्याचं फळ भरतं एक-दीड किलोचं. म्हणजे एकाच प्रजातीत एकीकडे एक किलोचं फळ आणि दुसरीकडे बाराशे किलोचं. हा फरक खताने पडत नाही. तो पडतो बियाण्याने, आणि ते बियाणं घडायला शंभरहून जास्त वर्षं लागली आहेत.

अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यालाही हा नाद लागला होता. त्याने सरकारी पेटंट ऑफिसकडून आलेलं एका मोठ्या पिवळ्या फ्रेंच भोपळ्याचं बी लावलं आणि १८५७ मध्ये त्याला साडे१२३ पौंडांचं, म्हणजे सुमारे ५६ किलोचं फळ मिळालं. त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातले विल्यम वॉरनॉक यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ४०० पौंडांचा आणि नंतर अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात ४०३ पौंडांचा, म्हणजे १८३ किलोचा भोपळा ठेवला. हा विक्रम मोडायला १९७६ साल उजाडावं लागलं. सत्तरपेक्षा जास्त वर्षं कुणी तिथपर्यंत पोचलंच नाही.

मग एक कॅनेडियन शेतकरी आला

कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात विंडसर नावाचं छोटं गाव आहे. तिथले शेतकरी हॉवर्ड डिल दरवर्षी एक साधं काम करायचे. जुन्या मोठ्या वाणांतली सर्वांत चांगली फळं निवडायची, त्यांचा आपसात संकर करायचा आणि त्यातून आलेल्या उत्तम फळाचं बी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचं. आपल्याकडे शेतकरी चांगलं कणीस बियाण्यासाठी बाजूला काढतो, तसंच. फरक इतकाच की डिल यांची निवड एकाच गोष्टीवर चालायची, ती म्हणजे आकार.

यातून ‘अटलांटिक जायंट’ हा वाण तयार झाला. १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं डिल यांनी सर्वांत मोठ्या भोपळ्याची जागतिक स्पर्धा जिंकली. १९८१ मध्ये त्यांचा भोपळा साडे४९३ पौंडांवर, म्हणजे सुमारे २२४ किलोवर गेला. मग त्यांनी हे बी विकायला सुरुवात केली आणि जगभरच्या हौशी लोकांच्या हाती ते पडलं.

त्यानंतर आकडे कसे पळाले बघा :

- १९९६ : न्यूयॉर्क राज्यात १,०६१ पौंड (४८१ किलो). हजार पौंडांची भिंत पहिल्यांदा पडली.
- २०१२ : ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेस यांचा २,००९ पौंडांचा (९११ किलो) भोपळा.
- २०१४ : स्वित्झर्लंडच्या बेनी मायर यांचा १,०५४ किलोचा. एक टनाच्या वर जाणारा पहिला.
- २०१६ : बेल्जियमच्या माटियास विलेमाइन्स यांचा १,१९० किलोचा.
- २०२१ : इटलीच्या स्टेफानो कुट्रुपी यांचा १,२२६ किलोचा.
- २०२३ : अमेरिकेच्या ट्रॅव्हिस गिंगर यांचा २,७४९ पौंडांचा (१,२४७ किलो).
- २०२५ : पेटन बंधूंचा १,२७८.८ किलोचा.

यातले सगळे डिल यांच्या ‘अटलांटिक जायंट’च्या वंशातले.

बियाला आडनाव असतं

घोड्यांच्या शर्यतीत जशी घोड्याची वंशावळ बघतात, तशी इथे बियाची बघतात. मोठ्या फळातून निघालेल्या बियाला त्या फळाच्या वजनावरून आणि पिकवणाऱ्याच्या आडनावावरून ओळखतात. उदाहरणार्थ ‘२००९ वॉलेस’. नवख्या माणसाला वाटतं २००९ हे साल आहे. ते साल नाही, ते पौंडांतलं वजन आहे. फळ आलं होतं २०१२ मध्ये.

प्रत्येक बियासोबत त्याची ‘आई’ कोण आणि ‘बाप’ कोण याचीही नोंद असते. आई म्हणजे ज्या वेलीवर फळ धरलं ती आणि बाप म्हणजे ज्या वेलीच्या नर फुलाचे पराग वापरले ती. नावाजलेल्या फळांच्या बियांचे लिलाव होतात आणि एकेका बियाला चांगली किंमत येते. तरी बरीचशी बी मंडळी एकमेकांना फुकटच वाटतात. स्पर्धक असले तरी त्यांच्यात विळ्या-भोपळ्याचं नातं नसतं. यंदा माझ्या बियाने शेजाऱ्याने मला हरवलं, तरी त्या फळाच्या नावापुढे आई म्हणून माझंच फळ लागतं, हा त्यातला आनंद.

वजन येतं कुठून? शास्त्रज्ञांनी काय शोधलं?

वनस्पतीशास्त्रज्ञ जेसिका सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न घेऊन अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या वाणाची पानं जास्त अन्न तयार करतात का? की वेलीतून साखर जास्त वेगाने धावते?

उत्तर वेगळंच निघालं. पानांच्या कामात फारसा फरक नव्हता. रसाचा वेगही वाढलेला नव्हता. वाढल्या होत्या त्या रसवाहिन्या. शाळेत आपण शिकलो तेच : जलवाहिन्या मुळांकडून पाणी वर नेतात आणि रसवाहिन्या पानांत तयार झालेली साखर बाकीच्या भागांना पोचवतात. मोठ्या भोपळ्याच्या वेलीत या रसवाहिन्यांच्या ऊतींचं प्रमाण जास्त असतं. रस्त्यावर गाड्यांचा वेग तोच ठेवून लेन वाढवल्या तर माल जास्त पोचेल, तसं.

म्हणजे पिढ्यान् पिढ्या निवड करताना माणसाने डोळ्यांनी फळाचा आकार निवडला आणि नकळत आतली वाहतूक व्यवस्था रुंद केली. इंजेक्शनवाल्या कमेंटला हे खरं उत्तर आहे. असला वाढीव भोपळा बाहेरून काही टोचून तयार होत नाही, तो आतून पोसला जातो. देठाला वात लावून दूध पाजण्याची जुनी समजूत पाश्चात्त्य देशांत होती, तिच्यातही तथ्य नाही.

गुंठाभर जागा, एकच वेल

आता प्रत्यक्ष बागेत जाऊ. अमेरिका-युरोपात हा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असा चालतो.

एप्रिलच्या उत्तरार्धात बी घरातच रुजवतात. याच्या बियाची साल जाड असते, म्हणून कडा कानसेने किंवा पॉलिश पेपरने हलक्या घासतात, बी काही वेळ कोमट पाण्यात ठेवतात आणि ३० अंशांच्या आसपास उबेला ठेवतात. मे महिन्यात रोप बाहेर जातं. थंडीचा कडाका गेलेला नसेल, तर त्यावर छोटंसं पॉलीहाऊस उभारतात.

जमिनीची तयारी मात्र आदल्या शरद ऋतूतच झालेली असते. माती परीक्षण, भरपूर कुजलेलं शेणखत आणि कंपोस्ट. मातीचा सामू साडेसहा ते सातच्या दरम्यान राहील हे बघतात.

एका वेलीला जागा किती? साधारण हजार चौरस फूट. म्हणजे जवळपास एक गुंठा! मुंबईत एवढ्या जागेत ऐसपैस टू-बीएचके होतो, इथे त्यात एक वेल राहते.

ही वेल मोकाट सोडत नाहीत. मधोमध एक मुख्य वेल सरळ पुढे नेतात. तिच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या फांद्या माशाच्या काट्यासारख्या आडव्या पसरवतात. त्या फांद्यांना पुन्हा फूट आली की ती खुडून टाकतात, कारण तिथे गेलेलं अन्न फळाच्या तोंडचं गेलं.

आणखी एक महत्त्वाचं काम म्हणजे वेल पुरणं. भोपळ्याच्या वेलीला प्रत्येक पेऱ्यापाशी नव्या मुळ्या फुटू शकतात. म्हणून पेरी मातीखाली दाबत पुढे जातात. मग वेल एका खोडावर अवलंबून राहत नाही, तिला गुंठाभर जागेत जागोजागी मुळं मिळतात. वाऱ्याने वेल उलटण्याचाही धोका कमी होतो.

लग्न पहाटे लागतं

भोपळ्याला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फूल ओळखणं सोपं आहे. त्याच्या खाली लिंबाएवढा इवलासा भोपळा आधीच दिसतो. नर फुलाचा दांडा सरळसोट असतो.

हे काम स्पर्धक मधमाशीवर सोडत नाहीत. मधमाशी कुठल्या वेलीचे पराग आणेल याचा नेम नाही आणि मग वंशावळ कळणार नाही. म्हणून उद्या उमलणारं मादी फूल आदल्या संध्याकाळीच दोऱ्याने किंवा पिशवीने बंद करतात. नर फुलंही झाकून ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलात अलगद फिरवतात आणि फूल पुन्हा बंद करतात. फूल एकाच सकाळी उघडतं आणि ऊन चढलं की पराग निकामी होऊ लागतात. त्यामुळे उशिरा उठणाऱ्याचं हे काम नव्हे.

हे सगळं साधारण जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात. फळ वेलीच्या बुंध्यापासून दहा-बारा फूट पुढे धरतात, म्हणजे त्याच्या मागे पोसणारी पानं भरपूर तयार असतात.

आणि मग सगळ्यात अवघड निर्णय

सुरुवातीला दोन-तीन फळं राखतात. काही दिवस रोज मोजतात. मग एक ठेवून बाकीची काढून टाकतात.

ऐकायला सोपं आहे. पण आपण ठेवलेलं फळ उद्या सडलं तर? आपण काढून टाकलेलंच मोठं होणार असेल तर? या निर्णयापाशी नवखे अडखळतात आणि ‘असू देत दोन’ म्हणतात. दोन ठेवली की दोन्ही मोठी होतात, पण स्पर्धेपुरतं कुठलंच मोठं होत नाही. गुंठाभर पानांची कमाई एकाच तोंडी गेली तरच विक्रमाचा आकडा दिसतो. म्हणजे ज्या कारणाने फळ मोठं होतं, त्याच कारणाने सगळा डाव एका फळावर लागतो. इथून पुढची सगळी धडपड ते एक फळ शाबूत ठेवण्याची.

तासाला पाऊण किलो

फळ धरल्यानंतर साधारण विसाव्या ते चाळिसाव्या दिवसांत वाढीचा जोर सर्वांत जास्त असतो. चांगलं फळ या काळात दिवसाला १५ ते २० किलोने वाढतं, अव्वल फळं त्याहूनही जास्त. वीस किलो धरले तर तासाला पाऊण किलोपेक्षा जास्त झाले. रात्री आठ तास झोपून उठलात, तर तेवढ्यात भोपळ्याने साडेसहा किलो वाढवलेले असतात.

या दिवसांत एक वेल रोज काही शे लिटर पाणी पिते. २०२३ चे विक्रमवीर ट्रॅव्हिस गिंगर हे मिनेसोटा राज्यातल्या अनोका इथे बागकामाचे शिक्षक आहेत. त्या वर्षी आपण दिवसातून बारा-बारा वेळा पाणी दिलं आणि खताचे हप्तेही थोडे वाढवले, असं त्यांनी सांगितलं होतं. एकदम भरमसाट पाणी सोडण्यापेक्षा थोडं-थोडं आणि वारंवार देण्यात शहाणपण आहे. कारण फळ अचानक फुगलं की फुटतं.

वजन मोजायला फळ उचलता तर येत नाही. मग टेपने तीन मापं घेतात : जमिनीला समांतर पूर्ण घेर, डावीकडच्या जमिनीपासून वरून उजवीकडच्या जमिनीपर्यंत, आणि देठाच्या बाजूने वरून फुलाच्या टोकापर्यंत. तिन्हींची बेरीज करून तयार तक्त्यात बघितलं की अंदाजी वजन कळतं. खरं वजन त्याहून कमी-जास्त निघतं, कारण आतला गर किती जाड आहे हे टेपला कळत नाही. त्यामुळे काट्यावर चढेपर्यंत कोण जिंकणार हे कुणालाच ठाऊक नसतं.

हा भोपळा गोल का नसतो?

फोटो नीट बघा. हे भोपळे गोल गरगरीत नसतात, बसक्या पिठाच्या गोळ्यासारखे असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधले डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. फळ लहान असताना गोल असतं. जसजसं वजन वाढतं तसतसं ते स्वतःच्याच भाराने चपटं होत जातं. म्हणजे तो बेढबपणा हीसुद्धा वजनाचीच खूण.

या भाराचे तोटेही आहेत. फळ फुगताना त्याचा खांदा वर येतो आणि वेलीला ढकलतो. मग देठ ताणला जाऊन चिरतो. म्हणून फळ लहान असतानाच रोज थोडंथोडं वळवून देठ वेलीशी काटकोनात आणतात. फळाजवळच्या पेऱ्यांना मुळ्या धरू देत नाहीत, म्हणजे वेल वर उचलली जाऊ शकते. फळाखाली वाळू किंवा घसरतं कापड अंथरतात, कारण तळ मातीला चिकटला तर वाढताना साल फाटते. वरून जुन्या चादरी घालून सावली करतात. कडक उन्हात साल लवकर निबर होते आणि निबर साल ताणली जात नाही, तडकते.

शिवाय नेहमीचे शत्रू आहेतच. पानांवर भुरी, मुळांना मर, वेल पोखरणाऱ्या अळ्या, उंदीर आणि गारा. चाळीस दिवसांचं काम एका वादळात जातं.

नखाएवढी चीर, आणि खेळ खल्लास

स्पर्धा ऑक्टोबरच्या आसपास होतात. त्यांचे नियम ‘ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ’ ही संघटना ठरवते. फळ निरोगी आणि अखंड हवं. कुजलेला भाग नको. आणि आतल्या पोकळीपर्यंत पोचणारी चीर किंवा भोक असेल तर फळ बाद.

हा नियम ऐकायला साधा वाटतो. पण २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एक भोपळा काट्यावर चढला आणि वजन भरलं २,५२० पौंड, म्हणजे ११४३ किलो. तपासणीत त्यावर नखाएवढी चीर सापडली. भोपळा बाद झाला. वजन कुणी नाकारलं नाही, बक्षीस मात्र गेलं.

म्हणूनच काढणीच्या दिवशी सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. फळाभोवती पट्टे बांधतात, वर लोखंडी कडं असतं, ते ट्रॅक्टरला किंवा तिपाईवरच्या चेनपुलीला अडकवतात आणि इंच-इंच उचलून ट्रेलरवर ठेवतात. गिंगर यांनी आपला भोपळा मिनेसोटाहून कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे या गावी नेला. प्रवास साधारण ३५ तासांचा. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यावर काय होत असेल, याची कल्पना महाराष्ट्रातल्या वाचकांना वेगळी द्यायला नको.

तिथे १,२४७ किलो वजन भरलं, विश्वविक्रम झाला आणि ३० हजार डॉलरचं बक्षीस मिळालं. तेव्हाच्या दराने सुमारे २५ लाख रुपये. विश्वविक्रम झाला नाही, तर तिथल्या विजेत्याला वजनावर पैसे मिळतात, पौंडाला ९ डॉलर. पण बहुतेक स्थानिक स्पर्धांत एवढी रक्कम नसते. खत, पाणी, वाहतूक धरली तर हा बहुतेकांसाठी आतबट्ट्याचाच व्यवहार.

रंगाचंही एक गणित आहे. हिरव्या-करड्या सालीचं फळ कितीही मोठं झालं तरी ते ‘स्क्वॉश’ या वेगळ्या गटात जातं. आणि वजनात मागे पडलेल्या पण दिसायला देखण्या भोपळ्यासाठी वेगळा पुरस्कार आहे. त्याचं नाव, हॉवर्ड डिल पुरस्कार.

मग त्या भोपळ्याचं करतात काय?

खाता येतो, पण चव पाणचट. घारगे करायला घेतले तर पश्चात्ताप होईल. बरेच भोपळे प्रदर्शनात ठेवतात, हॅलोवीनसाठी कोरतात. त्याआधी आतल्या बिया जपून काढतात, कारण खरी कमाई तीच.

आणि काही भोपळ्यांची चक्क होडी होते. डिल यांच्या विंडसर गावात १९९९ मध्ये भोपळ्यांच्या होड्यांची शर्यत सुरू झाली. भोपळा पोखरायचा, आत बसायचं आणि वल्ही मारत तलाव पार करायचा. लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट ऐकत मोठे झालेल्या आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही.

आपल्याकडे जमेल का?

विक्रमी आकार जमणं कठीण आहे. हे वाण उत्तरेकडच्या लांबलचक उन्हाळी दिवसांत आणि थंड रात्रींत वाढतात. तिथे जूनमध्ये पंधरा-सोळा तास उजेड असतो. आपल्याकडे दिवस त्याहून लहान आणि रात्री उष्ण. उष्ण रात्री वेल दिवसभर कमावलेली साखर श्वसनातच खर्च करते. त्यात पावसाळ्यात भुरी आणि फळमाशी.

तरी हौस असेल तर एक लक्षात ठेवा. परदेशातून पाकिटात बी मागवणं हा साधा कुरिअरचा मामला नाही. भारतात बियाणं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. ऑनलाइन ‘जायंट पम्पकिन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीत ते बी असेलच याचीही खात्री नाही.

पण यातल्या चार युक्त्या परसातल्या साध्या तांबड्या भोपळ्यालाही लागू पडतात. सकाळी लवकर हाताने परागीभवन करा, फळधारणा वाढेल. वेलीची पेरी मातीने झाका. बगलफूट काढत राहा. फळाखाली गवत किंवा फळी ठेवा, म्हणजे तळ कुजणार नाही. आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिरवायला मोठं फळ हवं असेल, तर वेलीवर एकच ठेवा. बाकीची कोवळी काढून भाजी करा.

पुढच्या वेळी क्रेनला लटकलेल्या भोपळ्याचा फोटो दिसला, की त्याच्या आकाराआधी त्याची साल नीट बघा. कुठे चीर दिसत नाही ना? तेवढ्यासाठी कुणीतरी चार महिने रोज संध्याकाळी चादर उचलून तेच बघत आलेलं असतं.